जुनी सुई

सोमवारी सकाळी नर्सबाईंनी सीनियाच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काटा बघितला. मग हवा सोडून परत फुगवला. एकदा मोजून वहीत लिहून मोकळी होणारी बाई ती, दोनदा मोजते म्हणजे काहीतरी आहे हे कळायला मला शाळा शिकायची गरज नव्हती.

"डोळ्यांपुढं काजवे येतात का गं?" त्यांनी विचारलं.

"येतात," सीनिया म्हणाली. "डोकंही ठणकतं."

हे पोरीनं मला सांगितलं नव्हतं. नर्सबाईंनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. आठवा महिना, पहिलटकरीण, आणि पाय सुजून पायांची बोटं दिसेनाशी झालेली. माझी एकुलती एक लेक.

"गुरुवारचं विमान," नर्सबाई मला म्हणाल्या. "त्यात हिला बसवा. राजधानीतल्या दवाखान्यात मी रेडिओवरून कळवते. माझ्याकडच्या गोळ्या संपल्यात, आणि जहाज कधी येईल ते देव जाणे."

"आणि नाही बसवलं तर?"

"बसवा," त्या म्हणाल्या, आणि पट्टा गुंडाळायला लागल्या.

विमान उतरतं बेटाच्या दक्षिण टोकाला, आम्ही उत्तर टोकाला. मधे प्रवाळाच्या कड्यानं वेढलेला चौदा मैल आतला समुद्र. होडीची मोटर चालू असली तर दीड तासाचं काम. पण आमची मोटर तीन आठवडे मुकी होऊन नीरफणसाच्या झाडाखाली उभी होती, आणि आमचे हे रोज तिच्याकडं बघून म्हणायचे, उद्या खोलतो. काइतारा त्यांचं नाव. तीन गावांच्या मोटरी हा माणूस दुरुस्त करतो आणि घरची तेवढी उद्यावर. माझं टाळकं फिरलं.

"आता तरी उद्या म्हणू नका," मी घरी येऊन सगळं सांगितलं आणि वर हे ऐकवलं.

ते माच्यावरून उतरले, चटई ओढली, हत्यारांचा डबा घेतला, आणि मोटरचं टोपण काढलं.

पंधरा घोड्यांची जुनी मोटर. रोग तिला पेट्रोलचाच झाला होता. पावसाळी वारं पश्चिमेकडून सुटल्यापासून जहाज आलं नव्हतं, आणि गावातलं पेट्रोल म्हणजे पिंपाच्या तळाचा गाळ. त्यात पाणी, त्यात गंज. दोरी ओढली की मोटर दोनदा खोकायची, पळायची, आणि वेग द्यायला गेलं की मरायची. ह्यांनी पेट्रोलचा पाइप सोडवला, चोकची काडी सोडवली, दोन बोल्ट काढले, आणि कार्बुरेटर हातात घेतला. मुठीएवढी वस्तू. माझ्या पोरीचा जीव त्या मुठीत आलेला.

काम करायची त्यांची एक रीत आहे. दहा करवंट्या चटईवर ओळीनं मांडायच्या, आणि जे आधी निघेल ते पहिल्या करवंटीत, मग दुसऱ्या, असं. बसवताना उलटं यायचं. करवंटीला हात लावलेला त्यांना खपत नाही. मी आपली खराटा घेऊन कोंबड्या हाकलत बसले, कारण मागच्या वर्षी एका कोंबडीनं पिनेएवढा तुकडा गिळला होता आणि तो मिळवायला आम्हाला ती कोंबडी अवेळी खावी लागली होती.

खालच्या वाटीचे चार स्क्रू. तीन निघाले. चौथा खाऱ्या हवेनं धरलेला. ह्यांनी त्यावर पेट्रोलचे थेंब सोडले, हातोडीच्या दांड्यानं टकटक केलं, जोर लावला. पेचकस घसरला आणि अंगठ्याच्या मुळाशी घुसला. रक्त चटईवर सांडलं.

"बांधते थांबा," मी म्हटलं.

"बांध, पण माझा हात हलवू नको," ते म्हणाले. दुसऱ्या हातानं पेचकस तसाच दाबून धरलेला. स्क्रू निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

वाटीत हिरवट चिकट खळ साठलेली आणि तिच्याखाली पाणी. पेट्रोलवर तरंगणारा पोकळ फ्लोट बाहेर आला, त्याची पिन आली, आणि पिनेला लटकलेली ती सुई. पेट्रोलचं दार उघडते आणि लावते ती हीच. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. ह्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, नखानं टोक चाचपलं.

"झिजलीय. टोकाला कंगोरा पडलाय. दार नीट लागतच नाही, म्हणून पेट्रोल वाहून जातं."

"मग?"

"मग जावयाचा डबा आण."

सीनियाचा नवरा परदेशी जहाजावर खलाशी आहे. लग्नानंतर गेला तो अजून परत आला नव्हता, पण कुठल्याशा बंदरातून त्यानं बिस्किटाच्या डब्यात एक पुडी पाठवली होती. नवी सुई, तिची बैठक, रबरं, वाटीखालची कातडी. सोबत चिठ्ठी होती: सीनियाला दवाखान्यात न्यायची वेळ येईल, तेव्हा मोटर दगा देऊ नये. कुठं वास्तव्य त्या पोराचं, आणि कुठून आठवण.

मंगळवारी दुपारपर्यंत धुणं चाललं. जुन्या दातांच्या ब्रशानं, पेट्रोलच्या वाटीत. पेट्रोल आत सोडणाऱ्या जेटची भोकं केसाएवढी. त्यात तार घातली की भोक मोठं होतं आणि मोटर कायमची खादाड होते, म्हणून हे मासेमारीचा बारीक नायलॉन घालतात, फिरवतात, मग तोंड लावून फुंकतात. पेट्रोलनं ओठ सोलून निघाले. सीनिया माच्यावर कुशीवर पडून बघत होती.

"बाबा, हा बाळाच्या नाकातला शेंबूड काढायचा सराव का?" ती म्हणाली.

"तुझ्या नाकात मी ह्याहून जाड दोरा घातला होता," हे म्हणाले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

एका करवंटीनंतर एक रिकामी होत गेली. नवी सुई बसली, वाटी बसली, बोल्ट आवळले. मोटर होडीला लावून आम्ही पाण्यात ढकलली. दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला ती सुरू झाली, आणि वेग दिला तरी मेली नाही. ह्यांनी काठाकाठानं एक फेरी मारली. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून रडले. लाज कसली त्यात, आनंद झाला म्हणून रडले.

तो आवाज साऱ्या गावानं ऐकला. आणि संध्याकाळी उरिआम दाजी आले.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान; नणंदेचं नाव मेरे, मी वन्सं म्हणते. बाहेरच्या दर्यावरचा आमच्या गावचा पहिल्या नंबरचा मासेमार. माणूस हसरा, आला की आधी नीरा मागणार, मग माझ्या स्वयंपाकाची चेष्टा करणार. त्या दिवशी ते माच्यावर बसलेच नाहीत. खाली वाळूत मांडी घालून बसले. मी नीरेची करवंटी पुढं केली तर तिला हात लावला नाही. तेव्हाच मी समजले.

"दादा," ते ह्यांना म्हणाले, "मी बुबुसी करायला आलोय."

हा शब्द तोंडातून पडला की संपलं. मागणाऱ्यानं आपली लाज गिळून मागायचं आणि आप्तानं नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याचं नाव आमच्याकडं नातवंडांना पुरतं.

"शुक्रवारी नव्या देवळाची जेवणावळ," दाजी म्हणाले. "मनेआबात, गावच्या सभाघरात, म्हाताऱ्यांनी घरटी वाटा लावलाय. माझ्यावर चाळीस मासे. माझ्या कार्बुरेटरची वाटी तडकलीय, पेट्रोल ठरत नाही. तुझा कार्बुरेटर एक दिवस दे. उद्या पहाटे जातो, उद्याच संध्याकाळी तुझ्या हातात परत. गुरुवारी पोरीला घेऊन तू सुखानं जा."

"दाजी, तिची तब्येत तुम्हाला माहीत आहे ना?" मी मधेच बोलले. बोलायचं नसतं, पण बोलले.

"माहीत आहे वहिनी. म्हणून एकच दिवस मागतोय."

हे खाली बघत होते. आमच्या मोटरचा पंखा मागच्या साली खडकावर आपटून तुटला, तेव्हा ह्यांनी अशीच बुबुसी केली होती, आणि दाजींनी स्वतःच्या मोटरचा पंखा तोंडातून चकार शब्द न काढता काढून दिला होता. दोन घरांत मिळून एकच धड मोटर, अशी आमची गत. आपलेच दात, आपलेच ओठ.

"ने," हे म्हणाले. "पहाटे ये. मीच बसवून देतो."

दाजी गेले. मी फणफणत भांडी आपटत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. चाळीस माशांसाठी माझी पोर टांगणीला. मग माझ्या डोक्यात ते आलं. कुणी दुसऱ्यानं घातलं नाही, माझंच डोकं.

"अहो," मी म्हटलं, "द्यायचं तर द्या. पण आतली नवी सुई काढून ठेवा. जुनी घाला."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवळातलं काही उचललंय.

"दिलेल्यातलं काढून घ्यायचं?"

"अजून दिलंय कुठं? पहाटे देणार. दाजींना दिलेली वस्तू परत कशी येते ते मला सांगू नका. मागं पंप दिला तर नव्या रबराच्या जागी जुनं घालून आला. सुई राहिली त्यांच्याकडं तर गुरुवारी काय करणार? जावयानं ती सीनियासाठी पाठवलीय, माशांसाठी नाही."

अंगठ्याचं फडकं सुटलं होतं ते दातांनी आवळत बसले. आत सीनिया कण्हली, पाणी मागितलं. मी पाणी देऊन परत आले, तर ते मोटरपाशी होते आणि कार्बुरेटर काढत होते. मी करवंटी पुढं सरकवली. त्यांनी नवी सुई तिच्यात टाकली आणि जुनी आत बसवली.

"एक दिवस निघेल," ते म्हणाले, मला की स्वतःला कुणास ठाऊक. "पेट्रोल जास्त पिईल, एवढंच."

बुधवारी पहाटे ह्यांनी स्वतःच्या हातानं तो दाजींच्या मोटरला बसवला. मी काठावर होते. वन्सं नवऱ्याची पाण्याची बाटली आणि भाताचं गाठोडं होडीत ठेवत होत्या.

"पेट्रोल जास्त घे," हे म्हणाले.

"कुठलं? तुझं गुरुवारचं सोडून गावात होतं तेवढं ह्या कॅनमध्ये आलं."

"मग लांब जाऊ नको. खडकाच्या कडेकडेनं राहा."

"कडेला मासा असता तर तुझ्या दारात वाळूत बसलो असतो का, दादा?" दाजी हसले. मोटर पहिल्याच हिसक्याला सुरू झाली. "वा! काय हात आहे तुझा!"

हे अजून दोन पावलं पाण्यात गेले. तोंड उघडलं. मला वाटलं, सांगतात आता. पण मोटरच्या आवाजात ते काही बोललेच नाहीत, आणि होडी खडकातल्या वाटेनं बाहेर पडली.

दुपारी वारा वाढला. संध्याकाळी बायका बाहेरच्या किनाऱ्यावर गेल्या, वन्सं सगळ्यांत पुढं. झापांची होळी पेटवली. सूर्य बुडाला तरी दर्यावर काही नव्हतं.

हे घरी आले आणि सरळ मोटरपाशी गेले. कार्बुरेटरच्या जागी मोकळं भोक. त्यात त्यांनी हात घातला आणि तसेच उभे राहिले. गावात दुसरी चालती मोटर नव्हती. दाजींना शोधायला जायचं तर मोटर हवी, मोटरला कार्बुरेटर हवा, आणि कार्बुरेटर दाजींच्या होडीवर. असं हे गणित, कुठूनही धरा. मग ते दाजींच्या घरी जाऊन तो तडकलेला कार्बुरेटर घेऊन आले. नवी सुई त्यात बसवली, अगदी चपखल बसली. तड्याला नीरफणसाचा चीक भरला, वाळू दिला, वर कापडाची पट्टी दाबली. पेट्रोल सोडलं तसा चीक विरघळला आणि पेट्रोल त्यांच्या कोपरावरून खाली गळायला लागलं. साबण लावून बघितला. मेण लावून बघितलं. तीन गावांच्या मोटरी दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याच्या हाताला यश म्हणून नाही.

"राहू द्या आता," मी म्हटलं.

"तू बोलू नको," ते म्हणाले. एवढंच, पण पस्तीस वर्षांत असं बोलले नव्हते.

गुरुवारी पहाटे आम्ही शेजारच्या म्हाताऱ्याची शिडाची होडी मागितली. सीनियाला चटईवर आडवी केली, मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, हे शिडाला. वारा समोरून आणि आडवा. प्रत्येक लाटेला पाणी आत. मी एका हातानं करवंटीनं पाणी उपसत होते आणि दुसऱ्या हातानं पोरीचा चेहरा झाकत होते. दोन तास झाले तरी आमच्याच गावाचे माड दिसत होते. मग सीनिया म्हणाली, "आई, मला दिसत नाहीये." तिला उलटी झाली, आणि अंग ताठ झालं, सुटलं. मी ओरडले. ह्यांनी शीड फिरवलं. परतीला वारा पाठीशी होता, अर्ध्या तासात काठाला लागलो. पोर शुद्धीवर होती, पण बोलणं जड झालेलं.

नर्सबाई धावत आल्या. पट्टा बांधला. एकदाच मोजलं. "अंधारात ठेवा हिला, आवाज करू नका. पुढचं विमान सोमवारी," त्या म्हणाल्या आणि रेडिओकडं गेल्या. थोड्या वेळानं डोक्यावरून विमान गेलं. आम्ही कुणीच वर बघितलं नाही.

दुपार टळल्यावर वन्सं आल्या. काल संध्याकाळपासून त्या बाहेरच्या किनाऱ्यावरून हलल्या नव्हत्या. केस मिठानं चिकटलेले, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता ह्या छाती बडवणार आणि माझी पोर दचकणार. पण त्या हळूच आत आल्या, खोबरेल तेलाची बाटली उचलली, आणि सीनियाच्या पायांशी बसून तिचे पाय चोळायला लागल्या. तळव्यापासून गुडघ्याकडं, हलक्या हातानं.

"आत्या, मामा आले का?" सीनियानं डोळे न उघडता विचारलं.

"येतील गं. तू झोप," वन्सं म्हणाल्या.

हे बाहेर भिंतीला टेकून बसले होते. भिंत म्हणजे झापांची, आतलं सगळं ऐकू जातं.

पोरीला गुंगी लागली तेव्हा वन्संनी हात थांबवले. माझ्याकडं वळल्या आणि माच्यावरून खाली उतरून जमिनीवर बसल्या, मांडी घालून.

"वन्सं, वर बसा ना," मी म्हटलं.

"वहिनी, मी बुबुसी करायला आलेय."

मी तेलाची बाटली बाजूला सरकवली.

"वस्तू नको मला," त्या म्हणाल्या. "बायका किनाऱ्यावर बोलतात. म्हणतात, मोटरनंच दगा दिला असणार. माझा विश्वास नाही बसत. दादाचा हात लागलाय म्हटल्यावर मोटर बंद पडणार नाही. मासा लांब गेला असेल, हे त्याच्यामागं गेले असतील, दक्षिणेच्या एखाद्या बेटाला लागले असतील. हो ना? तू तिथंच बसली होतीस ना, सगळं बघत? तर एवढंच दे मला. खरं सांग. कार्बुरेटर चांगला होता ना?"

बुबुसी केलीय, नाही म्हणता येत नाही. जे मागितलंय ते द्यावंच लागतं, आणि सगळं द्यावं लागतं. मी सीनियाकडं बघितलं. तिच्या पायावर वन्संच्या बोटांचे ठसे तसेच उमटून राहिले होते. बाहेर हे खाकरले नाहीत, हलले नाहीत.

"नवाकोरा होता वन्सं," मी म्हटलं. "जावयानं पाठवलेली सुईसुद्धा आतच होती."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मग परत वर चढून बसल्या, तळहातावर तेल घेतलं, आणि माझ्या पोरीचे पाय चोळायला लागल्या.